पाणी अपडेटचा ॲडमिन

शनिवार, ११ मे. संध्याकाळी ६.
औरंगपुऱ्यातून नवीन रिचार्ज मारून आलो. पोस्टरवर हातभर अक्षरांत ‘अनलिमिटेड’. शेजारी बारीक चांदणी. डिझाइन असावं.
लगेच गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ‘पाणी अपडेट’. ॲडमिन मी. हाताखाली कुणी हवं म्हणून आमच्या मुलीला, शीलालाही ॲडमिन केलं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, वेळ कुणालाच ठाऊक नसते, म्हणून बायका दिवसभर नळाशी बसतात. हे शोभत नाही. आता व्हॉल्व्ह फिरवणारा कडुबा मला मेसेज टाकेल, मी ग्रुपवर टाकेन. तोपर्यंत सर्वांनी तोट्या बंद करून घरात निवांत बसावं, असं जाहीर केलं.

रविवार, १२ मे.
आमची सौ. रत्नमाला म्हणाली, एकोणीसला शीलाला पाहायला कन्नड गावची मंडळी येणार, सतराचं पाणी हुकलं तर पाहुण्यांपुढं रिकामा तांब्या ठेवायचा का? तिनं टँकर सांगून ठेवला होता. मी रद्द केला. प्रश्न विश्वासाचा आहे.

मंगळवार, १४ मे.
धरणाचे ड्रोन व्हिडिओ पाहिले. सात. ॲडमिनला अभ्यास लागतो. दुपारी नेट गोल गोल फिरायला लागलं. उन्हानं टॉवर तापला असणार.

बुधवार, १५ मे.
पुन्हा गोल गोल. कस्टमर केअरची मुलगी अदबीनं म्हणाली, सर, नेट अनलिमिटेडच आहे, रोजच्या दीड जीबीनंतर फक्त स्पीड कमी होतो. म्हणजे बंद पडत नाही. म्हणजे अनलिमिटेडच. उगाच संशय घेतला. उद्यापासून व्हिडिओ बंद.

गुरुवार, १६ मे.
एकच पाहिला. मोठा होता.
शेजारच्या नजमाभाभी अजून नळाशीच बसून भाजी निवडतात. त्यांच्या मिस्टरांना, अन्सारभाईंना म्हटलं, समजवा त्यांना. ते म्हणाले, उसको आदत है, बैठने दो.

शुक्रवार, १७ मे. दुपारी १.
सकाळी धरणाचं लाइव्ह पाहिलं. कडुबाचा मेसेज नाही. ग्रुपवर टाकलं, ‘काळजी नसावी, माझं लक्ष आहे.’ मेसेजपुढं घड्याळाचं चिन्ह आहे, निघायच्या बेतात असणार.
दुपारी ४. घड्याळ तसंच. रत्नमालानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसतं पाहिलं.
संध्याकाळी ६. नजमाभाभींची पिंपं काठोकाठ. पाणी साडेबाराला येऊन दीडला गेलं म्हणे. बाकी गल्ली तोट्या बंद करून निवांत बसली होती. कडुबा म्हणतो, म्या तर बाराला मेसेज टाकला व्हता. टँकरवाल्याकडं आता चार दिवसांची वेटिंग.

शनिवार, १८ मे.
डाटा जपायचा म्हणून नेट उघडलंच नाही. उद्या पाहुण्यांना ग्रुप दाखवायचा आहे. लोकांचा राग एव्हाना निवला असेल. घराबाहेर पडलो नाही, ऊन फार आहे.
नजमाभाभींनी दोन पिंपं आणून दिली. माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवार, १९ मे.
मंडळी आली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, रिटायर झाल्यावर काय करता? म्हटलं, गल्लीचं पाणी मीच बघतो. दाखवायला फोन काढला. नेट झक्कास चाललं. ग्रुपमध्ये शेवटच्या दोन ओळी शुक्रवारच्या होत्या: शीलानं नजमाभाभींना ग्रुपमध्ये घेतलं. शीलानं मला काढलं.
वर पाहिलं तर शीला समोर ट्रे घेऊन उभी. पहिला पेला तिनं मलाच दिला. भाभींच्या पिंपातलं पाणी. मी गुपचूप प्यालो.