नववी वस्तू

उदगीर
ता. ४ डिसेंबर ८२

प्रिय सिंधु,

पत्राला 'प्रिय' लिहावंच लागतं असं जगदेवी म्हणाली, म्हणून लिहिलं. जगदेवी म्हणजे माझी नात, आपल्या मलप्पाची थोरली. तू गेलीस तेव्हा तुझा पदर धरून रडली होती, आता आठवीत आहे आणि मला अक्कल शिकवते. पत्र मात्र तिच्याकडून लिहून घेतलं नाही. प्रौढांच्या वर्गाला दोन वर्षं बसले, तेवढ्या शिदोरीवर लिहिते आहे. जोडाक्षर चुकलं तर चुकलं. चार दिवस लागले आहेत, तू घाईनं वाचू नको. हणमंतराव सुभेदारानं तुला छापील कार्ड पाठवलं असेल. सोळा तारखेला इथं एकाहत्तरच्या लढाईचं म्युझियम उघडतं आहे. कार्डावर तुझ्या नावामागं काय लिहायचं यावर त्याच्या कमिटीत दोन दिवस तकरार झाली. वीरपत्नी लिहावं तर तू आता उमरीच्या वीरण्णाची बायको, न लिहावं तर तुला बोलवायचं कोण म्हणून. शेवटी मी म्हणाले, नुसतं सिंधुबाई लिहा, तिला नाव आहे. तू कार्ड फाडण्याआधी किंवा यायचं ठरवण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही, आणि इथं आल्यावर चार लोकांत ती तुला कळली तर वाईट होईल.

म्युझियम म्हणजे मोठं काही समजू नको. स्टेशनच्या रस्त्याला जकातीची खोली बंद पडली होती, तिला चुना मारला आहे. हणमंतराव पेन्शनीत निघाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. आजूबाजूच्या गावांतून जे लढाईत गेले त्यांच्या घरी सायकलीवर फिरून त्यानं सामान गोळा केलं. एका घरी तोफगोळ्याचं पितळी नळकांडं फुलदाणी म्हणून ठेवलेलं होतं. तिथल्या सुनेनं बदल्यात नवी फुलदाणी घेतली तेव्हा सोडलं. काचेचं कपाट मिठाईवाल्याकडचं जुनं आहे, वरच्या खणात अजून मुंग्या येतात. बालुशाही असायची तिथं आता बूट आहेत. शरणप्पाचा फोटो मोठा करून रंगवून आणला, आणि रंगवणाऱ्यानं त्याला जाड मिशा काढल्या. मी म्हणाले, सुभेदार, हा माझा लेक नव्हं, त्याचा चुलता दिसायलाय. तर म्हणतो, अव्वा, शिपायाला मिशी शोभते. मी म्हणाले, शोभणार असती तर त्याला आली असती. बोर्डावर दशकपूर्ती लिहिलं आहे आणि वर्षं अकरा झाली. गेल्या साली व्हायचं होतं, पण कमिटीचं म्हणणं पडलं की लातूर वेगळा जिल्हा होतो आहे, नवा कलेक्टर येईल, त्याच्या हातानं फीत कापू. ऑगस्टात जिल्हा झाला, तोवर बोर्ड रंगवून वाळला होता. सुभेदार म्हणतो, मेलेल्याला एखादं वर्ष इकडंतिकडं काय कळतंय. त्याचं खरं आहे. जिवंताला कळतं, ते त्याच्या ध्यानात नाही.

दिवाळीच्या मागून वीरण्णा मोंढ्यात तूर घालायला आला होता, तेव्हा आपल्या घरी येऊन गेला. तुला बोलला नसेल. पायरीवर बसला, चहा बशीत ओतला, आणि तो गार होईस्तोवर बशी फिरवत राहिला. मग म्हणाला, घर नीट चाललंय, दोन पोरी शहाण्या आहेत, तकरार काही नाही. एकच आहे. आठ वर्षांत तू एकदाही त्याच्याशेजारी जोडीनं पूजेला बसली नाहीस. पोरींची नावं ठेवताना नाही, नवं दुकान घातलं तेव्हा नाही. स्वामी दोन पाट मांडतात आणि तू म्हणतेस, तुमचं तुम्ही बसा. म्हणाला, अव्वा, तिचं गुडघं दुखतंय म्हणून सांगतो लोकांला, पर आठ वर्षं गुडघंच दुखायलंय, लोकांला हिशेब लागतोय ना. मी हसले नाही. त्यानं मला कारण विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं. त्याचं आयुष्य मी माझ्या पेटीत घालून बसले आहे हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं. चहा पिऊन, पाया पडून गेला.

तुझं आणि शरणप्पाचं लग्न होऊन सात महिने, त्यात तो घरी होता वीस दिवस. तार आली तेव्हा घरात सगळे रडले आणि तू तेवढी कोरडी बसलीस. तू म्हणालीस, तार म्हणजे कागद. देगलूरकडं कुणी तार आल्यावर परत आला अशी बाजारात हूल उठली होती, ती तू धरून ठेवलीस. मागून पलटणीचं पत्र आलं की तिथंच अग्नी दिला. आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात, तिकडं कोण विचारतो. तू म्हणालीस, आपल्या माणसाला अग्नी दिला म्हणतात, म्हणजे तो दुसराच कुणी असणार. पुढच्या साली कैदी सोडले, तेव्हा बातम्यांना रोज शेजारच्या रेडिओपुढं जाऊन उभी राहायचीस. नाव आलं नाही. मला वाटलं, आता तरी उमजेल. मग संक्रांतीनंतर त्याची ट्रंक आली, वर्षभर कुठल्या कुठल्या डेपोत फिरून. तू खडीच्या कामावरून आलीस, हात धुतले नाहीस, सरळ ट्रंकेपाशी बसलीस. कांबळं झटकलंस, सदरे उलटे केलेस, बुटात हात घातलास. सगळं दोनदा बघून म्हणालीस, अव्वा, लिंग न्हाई. तोंडावर वर्षभरातलं पहिलं हसू होतं. तुझं म्हणणं बिनतोड होतं. आपल्या माणसाच्या गळ्यातलं लिंग जिवंतपणी उतरत नाही, आणि मेल्यावर त्याच्याबरोबर मातीत जातं. सामान आलं आणि लिंग आलं नाही, म्हणजे ते गळ्यात आहे, आणि गळा आहे तिथं माणूस आहे. मी सदरे घडी करून परत ट्रंकेत ठेवले.

यंदा पाऊस जरा हात राखून पडला तर पोरं लगेच दुष्काळ दुष्काळ करायला लागली आहेत. यांनी बहात्तर बघितलेलं नाही. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, तिच्या वासानं जनावर तोंड फिरवायचं. कामावर खायला मिळालेली सुकडी तू पदरात बांधून आणायचीस आणि जगदेवीच्या हातावर ठेवायचीस. मलप्पाची बायको पोटुशी, मलप्पा काम शोधत निलंग्याकडं, माझ्या कमरेत वात. विहिरीत दोरानं उतरून झऱ्यापाशी वाटी वाटी पाणी भरायचं ते तूच. वर घागर ओढताना मी तुला शिव्या द्यायचे, सांडू नको म्हणून. मग चौऱ्याहत्तरच्या वैशाखात तुझा भाऊ आला, वीरण्णाचं स्थळ घेऊन. तू नाही म्हणालीस, तीनदा म्हणालीस. भाऊ म्हणाला, आणखी किती दिवस लोकाच्या घरची पाणकीण होशील. तू गेलीस, पण निघताना मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, अव्वा, ते आले तर काय सांगाल? मी म्हणाले, सांगन, पाण्याला गेली. जीभच माझी तशी. तू मात्र मान हलवलीस, जणू खरंच तसं ठरलं.

आता म्युझियमचं. सुभेदारानं पलटणीला पत्रं घालून प्रत्येकाच्या परत पाठवलेल्या सामानाची यादी मागवली. शरणप्पाची गेल्या आठवड्यात आली, इंग्रजीत टाईप केलेली, अकरा वस्तूंची. खाली मराठीत लिहून ती कपाटात फोटोशेजारी लावणार. मी जगदेवीला घेऊन गेले होते, तिनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि सुभेदार एकेक वस्तू बोट लावून मोजत गेला. कांबळं एक, सदरे दोन, बूट जोड, ॲल्युमिनियमचा मग. नऊवर अडकला. चांदीची डबी एक, आत काळा दगड, काळ्या दोऱ्यासह. लिहिणाऱ्या कारकुनाला काय कळणार बिचाऱ्याला. जगदेवीला कळलं, तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचं वाचायला लागली. पोरगी शहाणी आहे, तुझ्या हातची सुकडी खाल्लेली. सुभेदार म्हणाला, अव्वा, नऊ नंबर कुठाय? मी म्हणाले, दुष्काळात लई काय काय गेलं, त्यात गेलं असंल. तो कायद्याचा माणूस. त्यानं जाड कागदावर 'क्र. ९ उपलब्ध नाही' असं लिहून कपाटातल्या रिकाम्या जागी उभं करून ठेवलं. लोक मिशा बघतील. तू यादी वाचशील.

तर ते माझ्याकडं आहे, सिंधु. ट्रंक आली तेव्हा तू खडीवर होतीस. स्टेशनावर अंगठा मी दिला, कागदावर नाव तुझं होतं. घरी आणून तू यायच्या आत मी कुलूप काढलं. कांबळ्याच्या घडीत, रुमालात बांधलेलं होतं. आठव्या महिन्यात स्वामींनी ते माझ्या दंडाला बांधलं होतं, पोटातल्यासाठी. शरणप्पा नंतर आला, लिंग आधी आलं. बाहेर काढलं असतं तर स्वामी म्हणाले असते, आजच्या आज मातीत घाला. मला द्यायचं नव्हतं. हे एक झालं. दुसरंही लिहिते, अर्धं लिहून उपयोग नाही. तुला आशा होती तोवर तू या घरात होतीस. ते लिंग बघितलं असतंस तर आठ दिवसांत तुझा भाऊ गाडी घेऊन आला असता, आणि त्या साली विहिरीत उतरणारं दुसरं कुणी आमच्यात नव्हतं. एवढा सगळा विचार मी उभ्या उभ्या केला, ट्रंकेचं झाकण लावायच्या आत. रोज सांगायचं मनात होतं पण जमलं नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. तसं नव्हतं. तू गेल्यावर तर सांगायचं कारणच उरलं नाही असं मी धरलं. तू तिकडं दोन जिवंत नवऱ्यांची बायको म्हणून जगते आहेस, हे वीरण्णा पायरीवर बसला तेव्हा मला कळलं. तेव्हाही सांगितलं नाही. यादी आली म्हणून सांगते आहे.

तू वीरण्णाचा उंबरा ओलांडलास त्या दिवशी शरणप्पाला जाऊन अडीच वर्षं झाली होती. तुझ्याकडून एका दिवसाचीही चूक झालेली नाही. जी झाली ती माझी, आणि ती दहा वर्षं माझ्या पेटीत होती. लिंग काचेत जाणार नाही. पंधरा तारखेला सकाळी आपल्या शेतात, तुझ्या सासऱ्याशेजारी, ते मातीत घालायचं आहे. स्वामी म्हणाले, एवढ्याला वीतभर खड्डा पुरे. मी म्हणाले, माणूस बसेल एवढा खणा. माती पहिली तू लोटायची आहे. माझा हात पुढं येणार नाही, मी मला ओळखते. सोळाच्या फितीला थांब किंवा थांबू नको, शरणप्पा गेला म्हणणारं ते कार्ड तोवर खरं झालेलं असेल. पंधराला मात्र ये, आणि एकटी येऊ नको. हे पत्र वीरण्णाला वाचून दाखव, मधलं काही गाळू नको. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर तुझ्याआधी त्यानं द्याव्यात, त्याचा हक्क मोठा आहे. मी ऐकून घेईन आणि उलट बोलणार नाही. अव्वा उलट बोलली नाही असं मलप्पाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसायचा नाही.

तुझीच,
पहिल्या घरची सासू
नागम्मा