इयत्ता पाचवी, हिवरखेड

जठारपेठ, अकोला
ता. १३ जानेवारी २०२५

ती. दादास,
मनकर्णाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं सारं ठीक, माये गुडघे सोडून.

फोन सोडून पत्र कावून, म्हनशील. तुया फोन वहिनी स्पीकरवर लावते अन् सारी गल्ली ऐकते. हे गल्लीले ऐकवायचं नाई.

तुयी पोरगी अपेक्षा कामापायी मायाकडं राहून राहिली, तुले मालूमच हाय. पातूरच्या पलीकडल्या डोंगरात लेनी हायत. तिथं भिंतीवर लोकायनं कोरलेली नावं रजिस्टरात लिवायची, मंग बुजवायची, हे तिचं काम. काल मलेही घेऊन गेली. चढता चढता म्या तिले दोनदा शिव्या देल्ल्या.

पन मी वर गेली अन् गुडघे इसरली. एका दगडातून काढलेल्या खोल्या, कोपरा असा सरळ का आपल्या जानराव मिस्त्रीले आधी मायी वाकडी मोरी दाखवावी अन् मंग तिथं नेऊन उभं करावं. भिक्खूंचे निजायचे ओटेही दगडाचेच. मी एकावर टेकली; गारेगार, उठूच वाटेना. वटवाघळाचा वास मात्र डोक्यात जाते.

अपेक्षा एकेका नावाले दात-ओठ खाऊन राहिली. असा मानूस सापडला तं कान धरून इथंच उभा करीन, म्हने.

मंग ओट्याच्या खाली, बसल्याबिगर दिसत नाई अशा जागी निघालं: मनकर्णा, इयत्ता पाचवी, हिवरखेड, १९८०. अपेक्षा हासली. म्हने आत्या, तू तं चौथीतूनच घरी बसली, हे दुसरी कोनी असंन. मी म्हनलं, हिवरखेडात मनकर्णा ढीगभर.

पन दादा, आईचा हात मोडला, मले भाकरी थापाले घरी बसवलं, अन् त्याच साली तू शाळेच्या सहलीले लेनी पाहाले गेला. वापस आला तं म्हनला, तुले तिथं ठेवून आलो. चिडवते समजून म्या गोवरी फेकून मारली होती. आता सरळ सांग, तूच कोरलं का? अठ्ठावीस तारखेले ते बुजवनार हायत. त्याच्या आत मले समजलं पायजे.

वहिनीले जयभीम. राग आला तरी उत्तर धाडजो.
तुयी बहीन,
मनकर्णा

अमरावती
ता. १८ जानेवारी २०२५

चि. मनकर्णा हीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. गच्चीवर जाऊन वाचले. थोरल्या भावाला असा जाब विचारणे बरे नव्हे, असे दीड पान लिहिले होते. ते फाडले. होय, मीच.

सहल पाचवीपासून पुढच्या वर्गांची होती. मी सातवीत होतो. पाचवीच्या हजेरीपटावर तुझे नाव यायचे होते, ते आलेच नाही. त्या ओट्यावर बसून शिदोरी सोडली, तर भाकरी तू थापलेली. कडेला तुझ्या बोटांचे ठसे. ती तशीच परत फडक्यात बांधली. मग कंपासपेटीतले कर्कटक काढले. त्याचे टोक मोडले म्हणून बाबांनी झोडपले, ते तुला आठवत असेल. कशाने मोडले हे मात्र सांगितले नाही.

आता माझी अडचण पाहा. तीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून. भिंतीवर लिहिणाऱ्या पोरांकडून भिंती घासून घेतल्या. अपेक्षाला तर पहिलीत असताना एका खडूच्या रेघेसाठी वीस उठाबशा काढायला लावल्या. तिला कळले तर या वयात तोंड कुठे लपवू? मुकाट्याने बुजू दे. माझे नाव काढू नकोस, एवढे ऐक.

गुडघ्यांना तेल लावत जा. आम्हा दोघांची आठवण असू दे.
तुझा,
देवमनदादा

जठारपेठ, अकोला
ता. ३० जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुयं ऐकलं. तुयं नाव म्या काढलं नाई.

अठ्ठावीसले गेली होती. रजिस्टरात हरेक नावापुढं एक रकाना हाय, कोरनारा कोन. पानंच्या पानं ‘अज्ञात’. माया नावापाशी येऊन अपेक्षानं पेन टेकवला अन् मायाच्यानं राहवलं नाई. म्हनलं, इथं ‘भावानं’ लिह. कोनता भाऊ ते सांगतलं नाई. पन मले भाऊ एकच हाय, हे मायाही ध्यानात मागूनच आलं.

पोट्टी टार्च ओट्याखाली धरून लय वेळ पाहत राहिली. मंग म्हने, “आत्या, बाबानं माया वीस उठाबशा मोजल्या होत्या. आता मी मोजीन.” अन् हासता हासता डोये पुसले.

तिच्या सायबाले इचारून तिनं थापी मायाच हातात देल्ली. दगडाचा भुगा अन् चुना. आधी साल बुजवलं, मंग गाव, मंग पाचवी. नावापाशी हात थांबला. लय खोल कोरलं रे तू, कर्कटक मोडनारच. अपेक्षा म्हने, राहू दे, मी करते. म्हनलं, नाई. हे खोली भिक्खूंची हाय, मायी नाई. चुलीले पोतेरं देल्ल्यावानी हात फिरवला अन् भिंत सारखी केली.

मंग तिनं रजिस्टर मायापुढं धरलं. नंबर एकशे चौदा, मनकर्णा, इयत्ता पाचवी, हिवरखेड. बोट ठेवून वाचलं. हे रजिस्टर आता दफ्तरात जपून ठेवनार हायत म्हने. पंचेचाळीस वर्सानं का होईना दादा, पाचवीत मायी हजेरी लागली.

नऊ तारखेच्या रविवारी तू ये. उठाबशा तिथंच, ओट्यापुढं, असा तिचा हुकूम हाय. तेल मी घेऊन येते, तू भाकरी आन. अन् वहिनीच्या हातची चालनार नाई, तूच थाप. कडेले तुया बोटाचे ठसे पाहीन, मंगच घास तोडीन.

वाट पाहून राहिली,
मनकर्णा