हिरव्या काठाकडं डोकं

नळदुर्ग,
श्रावण वद्य द्वितीया

ती. शिवलीलाअक्का यांच्या चरणी धाकटी भावजय श्रीदेवी हिचे शरणु शरणार्थी. (चरणांचा उल्लेख या खेपेला नुसता रिवाज म्हणून केलेला नाही. त्यांच्याबद्दल पुढं बरंच यायचं आहे.)

तुमचं पोटाचं कसं आहे? ऑपरेशनला वर्ष झालं, आता तेलकट चालतं का? दाजींचा खोकला, श्रीनाथची परीक्षा, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडं सगळे बरे. तुमच्या अव्वा, म्हणजे आमच्या आत्याबाई, सकाळी दीड भाकरी, संध्याकाळी दोन, यात बदल नाही. ह्यांचं दुकान आहे तसं. पत्र नंदीच्या आराखड्याच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. मागं बारीक चौकोन आणि फुल्या दिसतील ते नंदीचं वशिंड आणि मागचे पाय आहेत, घाबरू नये. कोरा कागद घरात आहे, पण पाठकोरा शिल्लक असताना कोऱ्याला हात लावणं मला जमत नाही.

फोन का केला नाही, असं म्हणाल. आपल्याकडं फोन आला की आत्याबाई तो स्पीकरवर ठेवायला लावतात, तुमच्याकडंही तीच पद्धत, म्हणजे आपण दोघी बोलायला लागलो की दोन्ही घरं मध्ये येऊन बसतात. शिवाय ही गोष्ट फोनवर ऐकून तुम्ही आधी ओरडला असता आणि मग अव्वांना विचारलं असतं. पत्र वाचताना माणूस ओरडलं तरी लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. तेव्हा हे पत्र एकटीनं वाचावं, आणि अष्टमीला श्रीनाथबरोबर पाठवलेल्या गोधडीवर बसला असाल तर आधी उठावं. तिच्यात नंदी आहे.

आता हा नंदी तिथं कसा गेला ते सांगते. चैत्रापासून माझ्या हातात चार कामं आहेत. पैकी मोठं काम नंदीचं. तुमच्या पोटातले खडे सुखरूप निघाले तर मठाला घरच्या हातानं केलेला नंदी देईन, असा नवस आत्याबाईंनी दवाखान्याच्या जिन्यावर बोलला, आणि घरचे हात म्हणजे माझे. (नवस बोलताना मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, मला विचारायला वेळ नव्हता.) शेजारच्या पुतळाबाईंची सून क्षमा शाळेत शिकवते, तिनं मोबाईलवरून नंदीचा आराखडा छापून आणला आणि म्हणाली, काकू, सोपं आहे, नुसते चौकोन मोजायचे. आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला दुसुतीवर याच फुल्या घालायचो, तेव्हा बदक होतं, फार तर पोपट. बदकाला सहा दिवस लागले होते. नंदीसाठी मी रोजची एक माळ ठरवली. एक फुली घालायची, एक ‘नमः शिवाय’ म्हणायचं, एकशेआठ झाले की कापड ट्रंकेत. वहीत नोंद आहे: एकशेपाच दिवस, अकरा हजार तीनशे चाळीस फुल्या. जपही तेवढाच. त्यात एक कान पोपटी झाला आहे, पण त्या दिवशी मी पोपटाचं आसनही हातात घेतलं होतं (हे दुसरं काम, तीन वर्षांपूर्वीचं). दोरा बदलायचा राहिला. क्षमा म्हणाली उसवा. एकशेआठ वेळा देवाचं नाव घेऊन घातलेल्या फुल्या उसवायच्या म्हणजे नाव परत घ्यायचं का, हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून कान तसाच ठेवला.

तिसरं काम क्षमाच्या येणाऱ्या बाळाचं दुपटं, कारण आराखडा तिनं फुकट दिला. चौथं गोधड्यांचं, आणि त्या आत्याबाईंच्या. जिवंतपणीच लुगड्यांची वाटणी करायची, असं त्यांनी ठरवलं आहे. मेल्यावर कोण कुठलं ओढून नेईल ते बघायला मी थोडीच असणार, असं म्हणतात. तुमच्यासाठी मोठी, त्यांच्या स्वतःच्या खाटेसाठी एक. घरात गोधडी पसरायला जागा एकच, पुढची खोली, आणि तिच्यातूनच सगळ्यांची ये-जा, त्यामुळं सकाळी पूजा-भाकऱ्या झाल्या की गोधडी, दुपारी दाराच्या उजेडात नंदी, संध्याकाळी मांडीवर दुपटं, असं मी लावून दिलं होतं. कागदावर फार छान बसलं होतं. प्रत्यक्षात वैशाखात एकदा मी गोधडी शिवून उठले ती गोधडीसकट उठले, पदर तिच्यात टाचला गेला होता, आणि तशीच दार उघडायला गेले. दारात पुतळाबाई होत्या. त्या म्हणाल्या, “लांबच्या गावाला निघालीस जणू, अंथरूण घिऊन.”

तर पंचमी. पंचमीला सुई धरायची नाही, कात्री नाही, म्हणून आदल्या दिवशी मी सगळा पसारा आवरला. नंदी देवाचं काम, तो उघडा कशाला ठेवा, म्हणून आत्याबाईंच्याच एका धुवट मऊ लुगड्यात गुंडाळला आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून हातातलं होतं ते जवळच्या ढिगावर ठेवलं. तो ढीग गोधडीत भरायच्या जुन्या लुगड्यांचा होता. हे मला माहीत होतं, ढीग मीच लावला होता. षष्ठीला पहाटे मी पूजेला बसले, आणि आत्याबाई त्यांची सुई घेऊन गोधडीला बसल्या. तुमच्या गोधडीचं पायाकडचं टोक, म्हणजे हिरव्या काठाचं, तेवढंच उघडं राहिलं होतं. मी इष्टलिंग पूजा आटोपून बाहेर येईपर्यंत त्यांनी ढिगातलं वरचं लुगडं आत सारून दोन ओळी घातल्यासुद्धा होत्या. मी बघितलं आणि मनात म्हणाले, या वयात काय टाका आहे. म्हणजे बघताना मला नंदी सोडून सगळं दिसलं.

गोधडी पाठवायच्या गडबडीत तीन-चार दिवस माळ राहिली. दशमीला माळ घालायला ट्रंक उघडली तर नंदी नाही. पहिल्यांदा मी ट्रंक पुन्हा बंद करून पुन्हा उघडली. मग शोध सुरू केला, पण आवाज न करता. याचं कारण तुम्हाला सांगायला पाहिजे. ज्येष्ठात आत्याबाईंच्या अंगठ्यात सुई गेली होती, चांगली अर्धी. तेव्हा तुमच्या भावानं त्यांना सांगितलं आहे, अव्वा, आता एक घोटाळा झाला की सुई बंद. आत्याबाईंना टीव्हीतली माणसं दिसत नाहीत, पोथीतली अक्षरं तर कधीच ओळखीची नव्हती, वाती वळून दोन डबे भरले आहेत. सुई मात्र अजून बोटानं चाचपून पहिल्या फटक्यात ओवतात, मला दोन फटके लागतात. ती गेली तर दिवसभर त्यांनी हात कुठं ठेवायचे? आणि त्यात अष्टमीचा फोन. तुम्हाला आठवत असेल, गोधडी पोचल्याचा तुमचा फोन आला, तेव्हा आत्याबाई तुम्हाला म्हणाल्या, शिवे, हिरव्या काठाकडं डोकं करून झोप. आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, लाल हो अक्का, लाल डोक्याकडं, हिरवा पायाकडं! ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. म्हणाले, “आता हिला लाल-हिरवंबी कळंना. दिवाळीपर्यंत बघतो, मग सुई काढून घेतो.” आत्याबाईंनी दुसरी भाकरी अर्धी ठेवली.  (वर ‘यात बदल नाही’ लिहिलं आहे, ते या एका दिवसाखेरीज.)

शोधाचं थोडक्यात सांगते. डॉक्टर पोट दाबतात तशा मी गोधड्या दाबल्या. दुसुती खरबरीत असते, बोटाला कळते. क्षमाच्या दुपट्यात कडक लागलं, उसवलं, तर माझी लाकडी फणी. आत्याबाईंच्या गोधडीत उंचवटा लागला, उसवला, तर ह्यांचा पंचा, जो अक्षय्य तृतीयेला वाऱ्यानं नेला होता आणि त्यावरून पलीकडच्या शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं होतं. पंचा धुऊन दोरीवर टाकला. हे म्हणाले, “सापडला व्हय?” मी म्हणाले, “व्हय.” यात खोटं काही नाही. उरली एकच गोधडी, आणि ती तुमच्या अंगाखाली.

म्हणजे अक्का, अंथरत असाल तर तुमच्या टाचा नंदीच्या शिंगांवर आहेत, आणि पांघरत असाल तर अंगठे पोटात. अकरा हजार तीनशे चाळीस जप तुमच्या पायाशी आहे, आणि तो तुमच्याच पोटासाठी केलेला. यात तुमचा दोष नाही. लाल-लाल म्हणून ओरडणारी मी. मी त्याबद्दल पाच सोमवार धरले आहेत, पाय तुमचे असले तरी उपास मीच करीन.

आता विनंती. हिरव्या काठाच्या बाजूनं, डाव्या कोपऱ्यापासून वीतभर सोडून, दोन ओळी उसवाव्यात. आपल्या घरात गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात ज्वारीचे सात दाणे घालून तोंड बांधतात, आणि एकदा बांधलं की घरच्या सुनेनं उसवायचं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. (वरच्या दोन गोधड्यांची तोंडं बांधायची होती, म्हणून चाललं.) लेकीनं उसवू नये असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही, तेव्हा चालत असावं, असा अर्थ मी काढला आहे. नंदी काढून श्रीनाथबरोबर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आत गुपचूप पाठवावा. त्या दिवशी तो मठात द्यायचा आहे. सात दाणे पुन्हा घालावेत, दाणे तुमच्याकडचेच घ्यावेत. अव्वांना आणि तुमच्या भावाला यातलं अक्षर कळू देऊ नये. माझ्या नंदीपेक्षा त्यांची सुई वाचली पाहिजे. नंदी काय, पुन्हा एकशेपाच दिवसांत होतो.

दाजींना नमस्कार, श्रीनाथला आशीर्वाद.

आपली,
श्रीदेवी

ता. क. — उसवायला सवड होईपर्यंत हिरव्या काठाकडं डोकं करून झोपावं. म्हणजे आत्याबाई बोलल्या ते चुकून बरोबरच होतं.

ता. क. — पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं, ते एका अर्थी बरं झालं. आज सकाळी मठातले गुंडप्पा आले होते. मी त्यांना उंबऱ्यातच गाठलं आणि नंदी सोमवारी देतो असं सांगायला लागले, तर ते म्हणाले, “सोमवारी कशाला? शांताक्कानी निरोप दिलाय की, नंदी लेकीकडं गेलाय, शिवरात्रीला येतो.” आत्याबाईंनी कधी दिला निरोप, म्हटलं. म्हणाले, सप्तमीला. अक्का, मला कळलं दशमीला. मी आत गेले. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून वाती वळत होत्या. मी विचारलं, आत्याबाई, अक्कांना हिरव्या काठाकडं डोकं करायला का सांगितलंत? त्यांनी वात पुरी केली आणि म्हणाल्या, “तिकडं जरा जाड हाय. मानंला बरं.” नंदी चुकून आत सारला गेला आणि मग हाताला लागला, की हाताला लागल्यावरच आत सारला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही मी ट्रंक कितीदा उघडली ते विचारलं नाही. तरी वरची उसवायची सगळी विनंती तूर्त रद्द समजावी. नंदी संक्रांतीपर्यंत तुमच्या उशाशी राहील, मग उसवून पाठवावा. कान पोपटी का, असं मात्र मठात कुणी विचारलं तर तुमच्याकडं भूमला असताना झाला, असं मी सांगणार आहे.

ता. क. — खरं काम हे आहे. हे पत्र मिळाल्यावर रात्री जेवणाच्या वेळी फोन करावा, म्हणजे तुमचे भाऊ पाटावर असतात आणि फोन स्पीकरवर असतो. मोठ्यानं म्हणावं, अव्वा, तू सांगितलंस तसं हिरव्या काठाकडं डोकं केलं, मान धरायची थांबली, श्रीदेवीचं ऐकलं असतं तर मेले असते. माझं नाव जरूर घ्यावं. दुसरी भाकरी पूर्ण गेली की मी लिहून कळवीन.

ता. क. — वाचून झालं की हा शेवटचा कागद जपून परत पाठवावा, त्याच्या मागं शेपटीचा आराखडा आहे. नंदीची शेपूट अजून घालायची आहे, ती शिवरात्रीच्या आत मी घालते असं आत्याबाई म्हणाल्या. चौकोन त्यांना दिसत नाहीत. मी मोजून सांगीन. मी हो म्हटलं आहे.