साडेआठ इंच, दोन सूत

रविवार, ४ मार्च १९५६. सकाळी नऊ.

मी घाबरलेलो नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. फक्त शुक्रवारपासून जेवण जात नाही.

झालं ते असं. शेजारचा हेमचंद्र संयुक्त महाराष्ट्र समितीचे सह्यांचे फॉर्म घेऊन आला. वाडीतले चारजण बघत होते, म्हणून मीही ऐटीत सही ठोकली, हुद्द्यासकट. फॉर्म मात्र त्याला परत दिला नाही. विचार करून देतो म्हणालो आणि ऑफिसच्या कागदांत ठेवला. आता तो सापडत नाही. बहुधा बिलांच्या गठ्ठ्यातून हेडक्लार्क गंगाधरपंतांकडे गेला. तिथून साहेबांकडे जाणार. तिथून मी रस्त्यावर. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हापासून साहेब माझ्याकडे बघत नाही. आधीही बघत नव्हता, पण आताचं न बघणं वेगळं आहे.

दोष माझा नाही, टेबलाचा आहे. कागदांना जागाच नाही. उपाय ठरला. टेबलावर ठेवायला लाकडी स्टँड करायचा, स्वतःच्या हातांनी. तीन खण कागदांना, एक पेनांना. पुढच्या सोमवारी ऑफिसात हजर. इतक्या टापटिपीच्या माणसाला राजद्रोही कोण म्हणेल?

सोमवार, ५ मार्च.

गंगाधरपंत माझ्याकडे बघून हसले. का हसले? दिवसभर त्यांच्या टेबलाकडे फिरकलो नाही.

संध्याकाळी रे रोडला लाकडाच्या वखारीत गेलो. देवदारी फळ्या घेतल्या. तिथला रामदास मेस्त्री मालवणकडचा. त्याने बजावलं, की कागद साडेआठ इंच म्हणजे आतसून साडेआठ इंच दोन सूत ठेवा, नायतर कागद जावचो नाय.

घरी येऊन बायकोच्या, म्हणजे सरोजिनीच्या, शिवणाच्या रिळातले दोन दोरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नीट दिसतसुद्धा नाहीत! या मेस्त्री लोकांना उगाच बारकावे काढायची सवय. दोन सूत रद्द.

मंगळवार, ६ मार्च.

चुका आणल्या, पाव शेर. बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. सरोजिनी म्हणाली, त्या विकत कशाला आणायच्या. बायकांना सुतारकामातलं कळत नाही.

गुरुवार, ८ मार्च. संध्याकाळी साडेसहा.

फळ्या कापल्या. तिरक्या गेल्या. करवत जुनी आहे.

हेमचंद्र सभेला बोलवायला आला. मी करवत दाखवली. तो म्हणाला, हरकत नाही, परवाही सभा आहे. परवाही करवत आहेच.

शनिवार, १० मार्च.

ठोकाठोकी सुरू. पाचव्या ठोक्याला समोरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. खाली कोणीतरी ओरडलं, पुन्हा गोळीबार! मी हातोडी टाकून पलंगाखाली. श्वास रोखून पडून राहिलो. आवाज थांबला होता, त्याने तर जास्तच भीती वाटली.

थोड्या वेळाने सरोजिनीने वाकून सांगितलं, की तो आवाज तुमचाच होता. तुम्ही थांबलात म्हणून थांबला.

एक चूक घरंगळली होती, ती शोधत होतो असं मी म्हणालो. सापडली का, तिने विचारलं.

रविवार, ११ मार्च. दुपार.

फळ्या चिकटवायला दुधाच्या पातेल्यात सरस शिजवला. सरोजिनी सकाळपासून बोलत नाही. स्टँड उभा राहिला! डावीकडे किंचित कलतो, पण बघणाऱ्याने मान जरा कलती केली तर सरळ दिसतो.

खाली वाडीत हवालदार आला. मी स्टँडमागे लपलो. स्टँड एक फूट उंच, मी पाच फूट सात. हवालदार नळावर पाणी पिऊन गेला. त्यानंतरही अर्धा तास उठता आलं नाही. सरसाच्या वासाने होतं असं.

उद्याचं ठरवून ठेवलंय. साहेबाने विचारलं तर सांगायचं, सही माझी नाही, बायकोची आहे. बायकांना कोण काय करतंय? सरोजिनीला हे सांगितलेलं नाही.

सोमवार, १२ मार्च. संध्याकाळी सात.

स्टँड टेबलावर ठेवला. सगळे जमले. पहिलाच कागद आत जाईना. दाबला तर चुरगळला. गंगाधरपंतांनी पट्टी लावली आणि विचारलं, दोन सूत कुठे गेले? सूत म्हणजे म्हणे इंचाचा आठवा भाग. दौलत शिपायालाही ठाऊक होतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढला. ते तोंड उघडणार एवढ्यात मीच बोलून गेलो, की ही सही माझी नाही, बायकोने केली, मी तिला नको म्हणत होतो.

दौलत जमिनीकडे बघायला लागला.

गंगाधरपंत हळू आवाजात म्हणाले, की अहो मनमोहनराव, ऑफिसातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, तीन आठवडे झाले. यादी मीच घेऊन फिरतोय. तुम्हालाच तेवढं विचारलं नव्हतं. उगाच घाबराल, असं सगळ्यांचं मत पडलं. गठ्ठ्यात तुमचा फॉर्म सापडला तेव्हा काय आनंद झाला आम्हाला! यादीत तुमचं नाव सगळ्यांत वर घालायचं ठरलं होतं.

मग त्यांनी फॉर्मची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. राहू दे मग, म्हणाले. आणि जागेवर जाऊन बसले.

मी घरी आलोय. फॉर्म अजून खिशात आहे. हेमचंद्र खाली जिन्यापाशीच उभा आहे, इथून दिसतो. दोन मिनिटांचं काम. उद्या सकाळी नक्की देतो.