बसायला सांगणारी माणसं

माय, तुला सगळ्यांनी मिळून बसवलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पवनीच्या घरात माग चालू होता तोवर तू घरभर फिरायचीस; कांड्या भरायच्या, रंगवलेलं सूत उन्हात टाकायचं, मधूनच चुलीवरचा भात बघायला धावायचं. मग माग बंद झाला, बाबा गेले, आणि दादाने मोठ्या मायेने तुझ्यासाठी ओसरीत खुर्ची आणून ठेवली. "माय, लय केलं तू. आता काई करू नोको, बसून राय." वहिनी तुझ्या हातातला झाडू काढून घ्यायची. येणारेजाणारे म्हणायचे, पोरगा मायला कसं राणीसारखं ठेवतो! मी कोंढ्याहून, सासरहून भेटायला आले की तू माझा हात धरून हळूच म्हणायचीस, "मले काई काम सांग ना वं. पाय लाकडावानी होऊन राहिले." पुढच्या उन्हाळ्यात तू न्हाणीकडे जायला उठलीस आणि पाय उभेच राहिले नाहीत. मग खाट, मग पाठीला जखमा. "मले झालं तरी काय वं?" तू विचारायचीस. मी काय सांगणार? रोग तर कुठला झालाच नव्हता.

आता माझा नंबर लागला आहे. मुलाने मला भंडाऱ्याला आणलं, गादीची खुर्ची घेतली, समोर टीव्ही लावला. सून गुणी आहे, पाण्याचा गिलाससुद्धा हातात आणून देते. वर्ष सरायच्या आत चार पायऱ्या चढताना मला धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मुलालाच दम दिला, "यांना बसवून ठेवू नका. चालू द्या, घरात कामं करू द्या." बाहेर आल्यावर तो म्हणतो, "पडली-बिडली त कोन पाहीन?" मी दुसऱ्याच सकाळी तलावाकडे चालत निघाले. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं ही कामं सुनेकडून मागितली नाहीत, हिसकावून घेतली.

मागच्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानांसमोर ऑटोला चुकवताना खरंच पडले. कोपर सोललं. दुसऱ्या दिवशी मुलगा दाराच्या चौकटीला हात लावून आडवा उभा. "आई, पुरे झालं आता. म्हातारीले वाऱ्यावर सोडलं म्हनतीन लोक."

मी चपला घालत होते. म्हटलं, "तुह्या आजीले लय चांगलं ठेवलं, असंही लोकच म्हनत होते. कशी गेली, ठाऊक हाय ना तुले? सरक बाजूले."

तो हलला नाही. मीही हलले नाही. बऱ्याच वेळाने त्याने हात खाली घेतला.

तेव्हापासून रोज जाते. पाऊस असला तर छत्री घेऊन जाते. मला कुणी बसवायचं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला माहीत नाही. पण घरात जे सांगत नाही ते तुला सांगते. तलावाच्या पाळीवर पोचेपर्यंत पाय थरथरायला लागतात, आणि मग मी तिथेच खाली बसते, चांगला बराच वेळ.