माहेरचा ससा

मनिषा,

मी नव्या सशाला टोपलीत घालून नवीन पनवेलला जनावरांच्या दाक्तरकडं चाललीय. दुपारपर्यंत येईन. भात झाकून ठेवलाय.

तू ड्युटीला गेल्यावर बघितलं, तर त्याच्यासंगं दोन माद्यापण शिंकत होत्या. नाकाला पाणी, पुढचे पाय पुसून पुसून ओले. तिघांना उचलून माझ्या खोलीत आणलं. माद्या तिथंच हायेत, दार उघडं टाकू नको. मी पडवीत झोपीन, मला काय नाय होत.

मागच्या शेडमधले एकोणीस बरे हायेत. एकेकाला मांडीवर घेऊन नाक बघितलं. आल्यावर आधी त्यांनाच चारा घाल, मंगच माझ्या खोलीत जा. तिथनं निघालीस की हात साबणानं धू नि कपडे बदल, तसंच शेडमधी जाऊ नको. आजाऱ्यांची भांडी मी वेगळी काढलीत. तपकिरी मादीनं सकाळी मुळ्याचा पाला खाल्ला, तवा जिवाला बरं वाटलं.

शिवामामानं जासईवरनं हा ससा दिला, तवा तू बोललेलीस, याला पंधरा दिस लांब ठेवू. मी बोलली, माझ्या माहेरचा हाय, त्याला कसला रोग? सुनेनं मला शिकवू नये, असंपण बोलली, तेपण शेजारणीसमोर. तसं बोलायला नको होतं गो.

आत्ताच शिवाचा फोन आलेला. अजून एक मादी देतो बोलला. मी सांगितलं, "आमच्या मनिषाला विचार. ती बोलंल तसं."

आई