बाबांची बॅट उशिरा फिरते

सोमवार, ३ मार्च

परत उशीर! चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसतो आणि मग पडद्यावरचा बिचारा बॅटर जीव खाऊन बॅट फिरवतो – हवेत. बाबांचा आजचा अख्खा डाव असाच गेला. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बस निघून गेल्यावर हात दाखवताय तुम्ही." एरवी बाबा उलट काहीतरी चिकटवतात. आज हसलेसुद्धा नाहीत.

आणि तो बॅटर माझा! बेसबॉलचा हा गेम आमच्या ऑफिसचा, पण त्यातली बॅटिंग माझी. माणसानं कंट्रोलरचं बटण दाबल्यापासून बॅट चेंडूला लागेपर्यंत जे काही घडतं तेवढंच माझं काम. ऐकायला एवढुसं वाटतं. माझे केस त्यात पिकलेत. गेम अजून बाजारात यायचाय. कच्चा गेम मी घरी आणते, कारण खरी बॅट हातात धरलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते आणि डेपोच्या बेसबॉल संघाचे डावखुरे बॅटर. अजून कुणी विचारलं तर आधी बॅटर म्हणून ओळख सांगतात, मग मेकॅनिक.

त्यांच्या बॅटला चेंडू लागेल असा गेम झाला तर तो चांगला झाला, असं मी मनाशी धरून चालले होते. आता काय धरू?

बुधवार, ५ मार्च

मीटिंग. आमचे प्रोड्यूसर – पाठीमागे आम्ही त्यांना तारीखपंत म्हणतो, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नाही – फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून उभे: 'घरी बसून खेळायचा बेसबॉल गेम चांगला कशानं होतो?' रिलीजची तारीख डोक्यावर आलीय आणि यांना हा प्रश्न आत्ता पडला!

एकानं सांगितलं, खेळाडूंच्या कपाळावर घाम दिसला पाहिजे. दुसरा म्हणाला, प्रेक्षकांत एकसारखे चेहरे नकोत. तिसरीला अख्खा संघ चालवायचाय, खेळाडू घ्यायचे, काढायचे, हंगामामागून हंगाम. आवाजवाला म्हणाला, बॅट लागल्याचा आवाज बरोबर असला की बाकी सगळं लोक माफ करतात. त्याचं थोडं पटलं मला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, वाट पाहणं. बेसबॉलमध्ये बहुतेक वेळ काहीच होत नाही. चेंडू फेकणारा पिचर उभा, बॅटर उभा, दोघं एकमेकांकडे बघतायत. ते काहीच न होणं छातीत धडधडलं पाहिजे. मग चेंडू सुटतो आणि पापणी लवायच्या आत ठरवायचं – मारू की सोडू? चुकलं तर आपलं चुकलं, लागलं तर आपलं लागलं. हे जमलं तर घाम नसला तरी चालेल.

तारीखपंत म्हणाले, "छान. पण वाट पाहणं बॉक्सवर कसं छापायचं?"

सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

शनिवार, ८ मार्च

आईनं मला गॅलरीत बोलावलं. कपडे वाळत घालायचं निमित्त. ओला टॉवेल झटकत हळूच म्हणाली, "यांचे हात बघितलेस? मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं."

मी हेच मनात म्हणत होते, पण मनातलं आणि आईच्या तोंडचं यात फरक पडतो. मोठे काका – बाबांचे सख्खे भाऊ. आधी शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मग चमचा. हात ऐकेनासे झाले, मग पाय. शेवटी शेवटी हाक मारली तर मान वळवायलाही किती वेळ लागायचा. बाबांनी ते सगळं जवळ बसून पाहिलंय. त्यावर ते कधी बोलत नाहीत.

बाबांना म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ, सगळंच तपासून घेऊ, डोक्यापासून पायापर्यंत. "मला काय धाड भरलीय?" – आणि परत कंट्रोलर हातात. टीव्हीला नाक लावून बसतात, आई ओरडते, ढिम्म हलत नाहीत. लहान पोर बरं.

तरी मी वेळ घेतलीच. अठरा तारखेची, मंगळवारची. माझी मीच घेतली, त्यांना आदल्या दिवशी सांगेन.

रविवार, ९ मार्च

आज तर बॅट फिरवायचं बटण दाबायच्या आधीच त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

बुधवार, १२ मार्च

आज एक उद्योग केलाय. चांगला की वाईट, माहीत नाही.

बटण कधी दाबलं तर बॅट चेंडूला 'लागली' मानायचं, याची एक मर्यादा असते. तिला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकी लहान तर खेळ कठीण, मोठी तर सोपा. बाबांच्या कच्च्या गेममध्ये मी ती सताड उघडली. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. उशिरा दाबा, लवकर दाबा, शिंक आली म्हणून दाबा – लागणारच.

संध्याकाळी बाबांनी पहिलाच चेंडू पार मैदानाबाहेर धाडला. होमरन! आई धावत बाहेर आली, हातात लाटणं. मी टाळ्या वाजवल्या. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या.

गुरुवार, १३ मार्च

तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी पोचले तर कन्सोल बंद, वायर गुंडाळून वर ठेवलेली. बाबा खुर्चीत. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "तू त्यात काहीतरी केलंस."

"कशात?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मी चुकलो होतो. काल मुद्दाम चुकून बघितलं, तरी गेला. आज डोळे मिटून दाबलं, तरी गेला! असला खोटा खेळ कोण खेळतो? मला हरायला लाज वाटत नाही गं. असं जिंकायला वाटते."

वर आणखी म्हणाले, "डेपोत एकदा अंपायरनं ओळखीखातर मला वाचवलं होतं. मी स्वतः मैदानातून निघून आलो."

मीटिंगमध्ये मोठ्या तोंडानं मीच सांगून आले होते – चुकलं तर आपलं चुकलं. आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर बापाची चूकच काढून घेतली. खिडकी परत होती तशी केली. वायर बाबांनीच सोडवून लावली. आणि परत सगळे चेंडू हुकले.

रविवार, १६ मार्च

थांब, नीट लिहिते. आनंदानं अक्षरं एकमेकांवर चढतायत!

दुपारी बाबा आडवे झाले होते. म्हटलं, बसल्या बसल्या आपण दोन चेंडू खेळावे. त्यांचाच कंट्रोलर, त्यांचीच जागा. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसरा, चौथा... मी! जिनं ही बॅटिंग बनवली ती मी! आणि सगळे कसे? उशिरा!

दोन मिनिटं डोकं चालेना. मग लख्ख उजेड पडला. ऑफिसात आम्ही सगळे झटपट चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरवर खेळतो. गेली कित्येक वर्षं. घरच्या टीव्हीवर कुणी म्हणजे कुणी खेळलेलं नाही. मीसुद्धा माझ्या खोलीत ऑफिसचाच मॉनिटर लावते. आणि हा बैठकीतला टीव्ही! तो चित्र सुंदर करत बसतो, रंग चोपडतो, कडा घासतो, आणि मग सावकाश आपल्याला दाखवतो. आवाजही चित्राला जुळवून मागे ठेवतो. चेंडू आपल्याला दिसतो तोवर गेममध्ये तो पुढे निघून गेलेला असतो.

घरी बसून खेळायचा गेम, आणि तो बनवणाऱ्यांनी घरी बसून खेळूनच बघितला नाही! कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच हातानं आईला मिठी मारली. "बाबांना काही झालेलं नाही," मी म्हटलं. "टीव्हीला झालंय." आईला काही कळलं नाही, पण ती पदर डोळ्याला लावून बसली.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये खेळासाठीचा पर्याय सापडला. सगळी रंगरंगोटी बंद. बाबांना उठवलं. तिसऱ्याच चेंडूला – ठक्!

सोमवार, १७ मार्च

सकाळी आधी दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ रद्द केली. मग हलक्या मनानं ऑफिसला.

तारीखपंतांना सगळं सांगितलं. म्हटलं, प्रत्येक घरचा टीव्ही वेगळा, सगळ्यांना सेटिंग सापडणार नाही. आपण गेममध्येच एक पडदा देऊ. तिथे आपापल्या टीव्हीचा उशीर मोजायचा, मग गेम तेवढं सांभाळून घेईल. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एवढं कशाला? खिडकी मोठी कर. सगळ्यांना लागेल, सगळे खूश. तारीख हलणार नाही."

तोच उद्योग, जो मी पाच दिवसांपूर्वी करून बसले होते. मी म्हटलं, "लोकांना कळेल." ते म्हणाले, "लोकांना जिंकायचं असतं." आता यांना कसं सांगू, माझ्या घरी एक माणूस आहे, ज्याला नुसतं जिंकायचं नाही?

बुधवार, १९ मार्च

बाबा रंगात! वेगवान चेंडू तर असे फोडून काढतात की बघत राहावं. आई चहा देताना मुद्दाम टीव्हीच्या आडवी उभी राहते, तरी यांचा हुकत नाही. "अगं, तुझ्या अंगातून जातो चेंडू माझा!" – इति बाबा.

फक्त हळू चेंडूला फसतात. दर वेळी. पिचर हात तसाच जोरात फिरवतो आणि चेंडू मात्र रेंगाळत येतो. बाबा आधीच बॅट फिरवून मोकळे. असू दे. तो चेंडू असतोच फसवायला, भलेभले फसतात. आता उशीर नाही ना, मग लवकर चालेल मला!

शुक्रवार, २१ मार्च

तारीखपंतांना पडद्याचं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन आरशाशी भांडले.

सोमवार, २४ मार्च

अर्धा होकार. तारीखपंत जाता जाता म्हणाले, "तो तुझा पडदा तू तुझा कर. माणूस मिळणार नाही, दिवस मिळणार नाहीत. सोमवारी तयार असला तर घालू. नाहीतर खिडकी." उपकार केल्याच्या थाटात. मी तरीही थँक्यू म्हटलं. माझंच मला कळत नाही कधी कधी.

आवाजवाल्याला म्हटलं, मोजणीला एखादा टक आवाज करून दे. तो म्हणाला, "बाई, प्रेक्षकांच्या ओरड्यात गळ्यापर्यंत बुडालोय. पुढच्या आठवड्यात बघू." म्हणजे नाहीच. नुसत्या चित्रावर भागवायचं.

शुक्रवार, २८ मार्च

झाला. साधाच आहे. काळा पडदा, मधोमध उभी पांढरी रेषा, डावीकडून चेंडू येतो. रेषेवर आला की दाबायचं. दहा-बारा वेळा केलं की टीव्ही किती रेंगाळतो ते गेमला कळतं. लेकरालाही जमेल.

ऑफिसात सगळ्यांना जमलं. पण ऑफिसातल्या माणसांवर आता माझा विश्वास नाही. घरच्या टीव्हीवर, घरच्या माणसाकडून करून घेणार. सोमवारी तारीखपंतांसमोर ठेवायला एक तरी खरं घर हवं. बाबांना सांगितलं, तुम्ही माझे परीक्षक. ऐटीत म्हणाले, "फी काय देतेस?"

रविवार, ३० मार्च

पडदा लावला. "बाबा, चेंडू रेषेवर आला की दाबा."

त्यांनी दाबलंच नाही. चेंडू येत राहिला, जात राहिला. मग एकदम कुठेही दाबायला लागले – चेंडू काठाला असताना, चेंडू नसताना. मला वाटलं चेष्टा करतायत. "बाबा, नीट ना! रेषेवर!"

त्यांनी मान तिरकी करून पडद्याकडे बघितलं. मग आई आत आहे ना ते बघून हळूच म्हणाले, "आवाज लाव ना गं. पिचरचा पाय मातीत घासला की मी मनात मोजतो आणि मारतो. पहिल्यापासून तसाच खेळतोय. हल्ली समोरचं सगळं धुरकट झालंय. कडेकडेचं दिसतं थोडं."

मी उठून त्यांच्याजवळ खाली बसले. पडद्यावर अगदी बोट टेकवलं. "ही... ही रेषा तरी दिसतेय ना, बाबा?"

"कुठली रेषा?"